मेंदूच्या शस्त्रक्रियेचा जमाखर्च

शस्त्रवैद्याची कीर्ती लोक त्याच्या हातांवरून मोजतात. मेंदू आणि पृष्ठरज्जू यांवरील शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र त्याच्या वहीवरून वाचावा असे आम्हांस वाटते. जमेची बाजू सगळेच लिहितात. खर्चाची बाजू कोणी लिहिली आणि कोणी टाळली, यावर या विद्येचे बरेवाईट ठरले आहे.

प्रथम अडचण ध्यानात घेऊ. पोटातील गाठ पुष्कळदा हाताला लागते. कवटीच्या आतली गाठ ना दिसे, ना लागे. मग कवटी उघडायची कोठे? १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका याने वाचा गेलेल्या एका रोग्याचा मेंदू मरणोत्तर तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढील भागातला बिघाड दाखविला. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूवर ठराविक जागी विजेचा सौम्य प्रवाह सोडला, तेव्हा विरुद्ध अंगाचे स्नायू हलले. इंग्लंडात डेव्हिड फेरियरने हेच प्रयोग माकडांवर केले. अशा रीतीने मेंदूचा नकाशा तयार होऊ लागला.

त्या नकाशावर भरवसा ठेवून २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये एका पंचवीस वर्षांच्या तरुणाची कवटी उघडण्यात आली. डाव्या अंगाचे झटके आणि लुळेपणा यांवरून डॉ. ह्यूज बेनेट यांनी जागा सांगितली. शस्त्र चालविले रिकमन गॉडली यांनी. गाठ सांगितल्या ठिकाणीच सापडली. झटके थांबले, पण पुढे जखमेत दोष शिरला आणि सुमारे चार आठवड्यांनी रोगी दगावला. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक लिस्टर, त्यांचेच गॉडली हे भाचे! निदान खरे ठरले, माणूस गेला. तरीही पुढच्या वर्षी उभयतांनी वैद्यकीय सभेपुढे सारा वृत्तांत मृत्यूसकट ठेवला.

१८८७ साली लंडनमध्येच गॉवर्स यांनी एका रोग्याच्या वेदना व पायांचा पक्षाघात पाहून पाठीच्या कण्यात गाठ असावी असे निदान केले. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी कणा उघडला, तो गाठ नाहीच! मग आणखी वर उघडले, तेव्हा ती सापडली. रोगी पुन्हा चालू लागला. १८८८ च्या निबंधात पहिल्या जागी गाठ मिळाली नाही, हेही दोघांनी नमूद केले. म्हणूनच पुढच्या शस्त्रवैद्याला कळले की गाठ अंदाजापेक्षा वरही असू शकते.

ही शिस्त कळसाला नेली अमेरिकेच्या हार्वे कुशिंग यांनी. विद्यार्थिदशेतच त्यांनी सहाध्यायी कॉडमन यांच्यासह भूल दिलेल्या रोग्याच्या नाडीश्वासाची नोंद ठेवण्याची चाल पाडली. रोगी घरी गेल्यावर दरवर्षी पत्र लिहून हालहवाल कळवावी, असा त्यांचा आग्रह असे. रक्तस्राव आवरण्यासाठी १९११ साली त्यांनी चांदीच्या बारीक चिमट्या आणल्या, १९२६ साली विजेचे शस्त्र. १९३२ साली दोन हजार गाठींचा हिशेब त्यांनी छापला. त्या ग्रंथाच्या नावातच मृत्यूचे शेकडा प्रमाण आहे!

आता दुसरी वही पाहा. लिस्बनचे एगास मोनिझ हे सामान्य गृहस्थ नव्हते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र १९२७ साली त्यांनीच प्रथम काढले. परंतु १९३५ साली मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातले तंतू छेदण्याचा उपाय त्यांनी आरंभिला आणि पुढच्याच वर्षी वीस रोग्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतक्या अल्प निरीक्षणातून दूरचे परिणाम कसे कळावेत? तरीही तो उपाय देशोदेशी पसरला, १९४९ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले, आणि हजारो माणसे शांत झाली खरी, पण अनेकांचा उत्साह, विचार आणि स्वभाव कायमचा मावळला. रोगी गप्प झाला, हे जमेस धरले. माणूस हरवला, हे खर्ची पडलेच नाही.

कुशिंग आणि मोनिझ यांच्यात बुद्धीचे अंतर नव्हते, हे आपण विसरू नये. अंतर होते ते रोग्याचा पाठपुरावा करण्याच्या चिकाटीचे. आज यंत्रे कवटी न उघडता आतले दाखवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्र चालते. तरी नव्या उपायाची वार्ता कानी आली, की आपण नागरिकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: किती रोगी बरे झाले, आणि उरलेल्यांचे पुढे काय झाले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या वहीत असेल, तिच्यावरच विश्वास ठेवावा.