दुसरा प्लेयर कुठे आहे?



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

दर रविवारी सकाळी दहाला मी इथे रेडिंगमध्ये लॅपटॉप उघडते. तेव्हा पुण्यात माझ्या मैत्रिणीची दुपारची जेवणं, झाकपाक उरकलेली असते. व्हिडिओ कॉलवर मी तिला माझा स्क्रीन दाखवते आणि आम्ही दोघी १९९४ सालचा एक जपानी गेम खेळतो, 'फायनल फँटसी ६'. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने दोन रविवार हे नुसतं बघितलं. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "आई, हा तर सिंगल प्लेयर आहे. मग मावशी काय करते?"

मावशी वही लिहिते. कुठल्या गावात कोण काय बोललं, कुठली पेटी उघडायची राहिली, कोणाकडे कुठली तलवार आहे. शिवाय मी चुकले की ओरडते.

लेकीला एवढ्यावर भागलं, पण मला नाही. कारण या जातीचे खेळ कागदोपत्री एकट्याचे असले, तरी सुरुवातीपासून ते दोघातिघांनी मिळूनच खेळले गेलेत, असं मला वाटतं. आणि ते कसं, हे सांगायला थेट १९८६ मध्ये जावं लागतं.

२७ मे १९८६ ला जपानमध्ये फॅमिकॉमवर 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. करणारा युजी होरी. तो मुलांच्या 'शोनेन जंप' या साप्ताहिकात लिहायचा. चित्रं अकिरा तोरियामाची, म्हणजे आपल्या मुलांच्या 'ड्रॅगन बॉल'वाल्याची, आणि संगीत कोइची सुगियामाचं. होरीला 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे अमेरिकन कॉम्प्युटर गेम फार आवडायचे, पण ते होते किचकट आणि कीबोर्डवर खेळायचे. घरात टीव्हीसमोर बसलेल्या शाळकरी पोराच्या हातात काय, तर चार दिशा आणि मोजकी बटणं. म्हणून त्याने सगळं एका छोट्या यादीत बसवलं: बोला, शोधा, दार उघडा, जिना चढा. लढाईतही तसंच. आधी तुमची पाळी, मग राक्षसाची. तुम्ही ठरवेपर्यंत राक्षस बिचारा उभा राहतो.

ही थांबण्याची सोय मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खेळ थांबतो म्हणून शेजारी बसलेल्याला तोंड घालता येतं. "मंत्र मार", "नको, आधी औषध घे", यावर पाच मिनिटं भांडता येतं. मारिओमध्ये हे जमत नाही, तोवर मारिओ खड्ड्यात गेलेला असतो.

दुसरी गोष्ट वहीची. पहिला ड्रॅगन क्वेस्ट अख्खा ६४ किलोबाइटमध्ये होता. आपल्या फोनमधला गुड मॉर्निंगचा फोटोही त्याहून मोठा असतो. जागेअभावी काताकाना लिपीतली सगळी अक्षरंसुद्धा आत बसली नाहीत. मोजक्या अक्षरांत राक्षसांची नावं भागवली. आपल्याला कोणी अर्धी बाराखडी देऊन महाभारत लिही म्हटलं तर कसं होईल! मग खेळ साठवून ठेवायला जागा कुठून येणार? त्यासाठी होता 'पुनरुज्जीवनाचा मंत्र'. खेळ बंद करताना राजा तुम्हाला वीस अक्षरं सांगायचा, पाच-सात-पाच-तीन अशी मांडणी केलेली. त्यातली पहिली सतरा थेट हायकूच्या मापात. ती कागदावर उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी भरायची. एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. दुसऱ्या भागात, १९८७ मध्ये, हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत वाढला. धूसर टीव्हीवर एकसारखी दिसणारी अक्षरं, मागून आई जेवायला बोलावतेय, आणि ही पोरं बावन्न अक्षरं उतरवतायत. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, हा त्यावरचा साधा उपाय.

१० फेब्रुवारी १९८८ ला तिसरा भाग आला. त्यात बॅटरी होती, मंत्राची कटकट संपली. पण तो वार होता बुधवार. दुकानांबाहेर रांगा लागल्या, मुलांनी शाळा बुडवल्या, पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती खपल्या. यावरून एक गोष्ट अजून फिरते की जपान सरकारने 'ड्रॅगन क्वेस्ट फक्त सुट्टीच्या दिवशी विकायचा' असा कायदा केला. फॉरवर्ड आला तर विश्वास ठेवू नका, असा कायदा नाही. पुढचे भाग सुट्टीच्या दिवशी आणण्याकडे कल राहिला, एवढंच.

आता फायनल फँटसी. १८ डिसेंबर १९८७, कंपनी स्क्वेअर, करणारा हिरोनोबु साकागुची. पण त्याचा प्रोग्रामर कोण होता माहीत आहे? नासिर गेबेली, इराणमधून अमेरिकेत आलेला आणि तिथून जपानमध्ये कामाला गेलेला माणूस. दुसऱ्या भागाचं काम चालू असताना त्याचा व्हिसा संपला आणि त्याला कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला परतावं लागलं. कंपनीने काय केलं? मंडळी सामानसुमान घेऊन त्याच्याकडे सॅक्रामेंटोला गेली आणि तिथे खेळ पुरा केला. या ग्रुपमध्ये व्हिसाच्या रांगेत उभं न राहिलेलं कोणी नसेल. विचार करा, आपल्यासाठी कोणाचं अख्खं ऑफिस आलं असतं का?

अमेरिकेत मात्र या खेळांची गाडी अडखळत गेली. ड्रॅगन क्वेस्ट १९८९ मध्ये 'ड्रॅगन वॉरियर' नावाने तिकडे पोचला, भाषा अशी जुनाट की जणू संगीत नाटकातली पात्रं बोलतायत. फायनल फँटसीचे मधले भाग तर गेलेच नाहीत, म्हणून जपानचा चौथा भाग तिथे 'दुसरा' झाला आणि सहावा 'तिसरा'. सहाव्याचं भाषांतर टेड वूल्सीने जेमतेम महिनाभरात उरकलं.

या आकड्यांच्या घोळाने आम्हालाही फसवलं. २००२, सांगलीचं हॉस्टेल, मैत्रिणीचा असेंबल केलेला पीसी, त्यावर एम्युलेटर आणि कोणाच्या तरी सीडीवरून आलेला 'फायनल फँटसी ३'. (चोरीचाच माल होता, कशाला लपवू. आता विकत घेतलाय.) आपल्याकडच्या 'नऊशे नव्व्याण्णव गेम्स'वाल्या कॅसेटमध्ये काँट्रा आणि मारिओ असायचे, असले गोष्टीचे खेळ आम्ही कधी पाहिले नव्हते. अडलो म्हणून सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून तिसऱ्या भागाचं गाईड छापून आणलं, तर त्यातलं एकही गाव जुळेना. दोन दिवसांनी कळलं, आमचा तिसरा म्हणजे खरा सहावा!

पण त्याच खेळात आम्हाला लेकीच्या प्रश्नाचं उत्तरही सापडलं होतं. सेटिंगमध्ये कंट्रोलरपुढे 'सिंगल' लिहिलेलं असतं, ते 'मल्टिपल' केलं की लढाईत काही पात्रं दुसऱ्याच्या हातात देता येतात. एकट्याच्या म्हणवणाऱ्या या खेळात दुसऱ्याची जागा बनवणाऱ्यांनीच ठेवली होती. एका कीबोर्डवर दोघी, माझी डावीकडची बटणं, तिची उजवीकडची.

मग पीसीला व्हायरस लागला, फॉरमॅट केला आणि सेव्ह गेला. परीक्षा आल्या. मी इकडे आले. पुढची कितीतरी वर्षं आमचं बोलणं वाढदिवसाच्या मेसेजपुरतं उरलं. २०२३ मध्ये तिची आई गेली. आजारपण लांबलं होतं, सगळं तिनेच केलं. मला जाता आलं नाही. फोन केला तर दोघींनाही बोलायला सुचेना. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आपला तो गेम अर्धाच राहिला गं."

या खेळात मध्यावर जग मोडतं. खलनायक जिंकतो आणि सगळे सोबती पांगतात. वर्षभराने सेलेस नावाची मुलगी एका ओसाड बेटावर जागी होते. सोबत फक्त म्हातारा सिड, ज्याला ती आजोबा मानते, आणि तो आजारी. किनाऱ्यावरून मासे पकडून त्याला भरवायचे. चपळ मासा गुणकारी, संथ मासा अपायकारक, आणि हे आधी कोणी नीट सांगत नाही. २००२ मध्ये आम्ही जो हाती लागेल तो मासा दिला आणि सिड गेला. सेलेस खचून कड्यावरून उडी टाकते, वाचते. (मुलं सोबत असतील तर हा भाग आधी एकट्याने बघून घ्या. मी लेकीला त्या दिवशी बाबाबरोबर स्विमिंगला पाठवलं होतं.)

या वेळी बेट आलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, "मला चालवू दे." मी कंट्रोल तिच्याकडे दिला. नेट अडखळत होतं, तरी पाऊण तास ती गप्प बसून फक्त चपळ मासे पकडत राहिली. सिड उठून बसला. तो जगला तर प्रसंग तसा फिका होतो, थोडं बोलणं, मग तराफा, की निघालो. ती म्हणाली, "एवढंच?" आणि मग हसली, आणि मग बराच वेळ आईबद्दल बोलली. त्या रविवारी खेळ पुढे गेला नाही.

बेट सोडल्यावर सोबती शोधायचे असतात, पण सक्ती नसते. तिघांवरच शेवटच्या लढाईला जाता येतं. आम्ही सगळे शोधतोय. चौदापैकी अकरा मिळालेत. लेक आता मावशीच्या वहीसाठी याद्या करते, मराठीत, र्‍हस्वदीर्घाच्या नावाने बोंब, पण करते. गोगो अजून सापडलेला नाही. तो कुठे आहे हे ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया कमेंटमध्ये सांगू नका.