मेंढरांचे देव आणि कोकरांचा हंगाम

माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत या कमी पावसाच्या टापूत गावोगाव बिरोबा, खंडोबा, म्हस्कोबा यांची ठाणी आहेत. पावसाचा भरवसा नाही, विहिरीला पाणी नाही, अशा माळरानावर दोन-चार एकरांच्या कोरडवाहू तुकड्याला जोड होती ती वीस-पंचवीस मेंढरांची. धनगर कुटुंबाचे हेच धन. त्यामुळे या देवांपुढे नवस बोलला जाई तो मुलाबाळांइतकाच मेंढरांच्या सुखरूपतेसाठी. जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या वाड्यांवर जाऊन या दैवतांचा अभ्यास केला आणि १९७६ साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. आषाढाच्या पावसाने माळ हिरवा झाला की मेंढ्या फळतात आणि त्यांतील बहुतेक कार्तिक-मार्गशीर्षात वितात. नेमका त्याच सुमारास माळावरचा चारा संपतो व वाडा घाटाखाली कोकणात किंवा नदीकाठच्या काळ्या रानांकडे निघतो. प्रवास आणि वीण एकदमच येतात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेतील भाकणूक मेंढपाळ जिवाचा कान करून का ऐकतात, हे यावरून कळते. पाऊस, पीक आणि रोगराई यांवर त्यांचे पुढचे सारे वर्ष अवलंबून असते.

या हंगामाचा खरा भार घरच्या बायांवर असे. पुरुष मेंढरे घेऊन रानात जात. वाड्यावर कोवळी कोकरे सांभाळायची ती बायांनी. कोकरू जन्मले की मेंढी त्याला चाटून कोरडे करते. पहिल्या तास-दोन तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे, नाहीतर थंडीत ते तग धरत नाही. एखादी पहिलटकरीण कोकराला जवळ घेत नसेल, तर तिला धरून पाजावे लागे. आई दगावलेल्या कोकरासाठी कळपात दोन-चार शेळ्या मुद्दाम ठेवीत. दिवसा कोकरे डालग्याखाली झाकायची, वाटेने घोड्याच्या पाठीवर न्यायची आणि रात्री वाघरीच्या आत राखण करायची. संध्याकाळी कळप परतला म्हणजे प्रत्येक मेंढी आवाजावरून व वासावरून आपलेच कोकरू हुडकून काढते.

जुन्या व्यवस्थेत गावालाही या फिरस्तीची गरज होती. शेतात मेंढरे बसवून घेतली की लेंडीखत मिळे आणि मेंढपाळाच्या पदरी धान्य पडे. पण १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांत चराईवर बंधने आली. पुढे कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला तशी मोकळी पडीक राने कमी झाली. १९७२ च्या दुष्काळाने तर चाऱ्यावाचून जनावरांचे अतोनात हाल झाले. घोंगडीचा खप घटल्याने लोकरीलाही मोल राहिले नाही. उत्पन्नाचे साधन उरले ते एकच, जगलेले कोकरू.

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. ते गेले की त्या मेंढीचा हंगाम वाया जातो. म्हणूनच फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोल जातीचा जुळ्यांचा गुण संकराने दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. मात्र जुळी झाली तरी दोघांना पुरेल इतके दूध हवे, आणि दुधासाठी गाभणपणीच मेंढीला वरचा खुराक हवा. शिवाय आंत्रविषाराची लस वेळेवर टोचली पाहिजे.

विज्ञानाने कोकरांची संख्या वाढवता येते. ती जगवायची तर चरायला रान आणि राखणीला जागते माणूस लागते. आपल्या वाडवडिलांनी देवाकडे वाड्याची बरकत मागितली, तरी रात्रीची राखण मात्र कधी देवावर सोडली नाही.