कुलूप, किल्ली आणि करावे गाव

मराठीत दार बंद करण्याच्या साधनांची नावे एकत्र मांडून पाहिली, तर ती निरनिराळ्या वाटांनी आपल्याकडे आलेली दिसतात. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आला. 'चावी' पोर्तुगीजांची, खाडीपलीकडील साष्टी-वसईवर त्यांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता, हे वाचकांस ठाऊक आहेच. 'टाळे' आणि 'किल्ली' यांचे नाते संस्कृताशी जोडता येते. कडी, कोयंडा, अडसर ही मात्र अगदी घरगुती मंडळी. या दोन गटांत एक भेद आहे आणि तो केवळ शब्दांचा नव्हे. अडसर आतून लागतो, कुलूप बाहेरून. घरात माणूस असताना दार राखणे हे अडसराचे काम. घरात कोणीच नसताना ते राखणे हे कुलपाचे.

आपल्या आगरी-कोळी वस्तीच्या जुन्या गावांत हे दुसरे काम फारसे पडतच नसे. करावे हे खाडीकाठचे गाव. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर येथील संसार चालत. एकत्र कुटुंबात घरातील सर्वच माणसे एकाच वेळी बाहेर पडली, असे क्वचित घडे. कोणी मिठागरावर गेले, कोणी खाडीवर, तरी म्हातारी ओटीवर बसलेलीच असे. म्हणून 'घराला कुलूप लागले' किंवा 'टाळे लागले' या शब्दप्रयोगाला आपल्या भाषेत अशुभाची छटा आली. त्याचा अर्थ त्या घरातील माणसे संपली, अथवा देशोधडीस लागली, असा होई. लग्नाच्या घरी हे शब्द कोणी तोंडातून काढीत नसत.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांना कुलपाची गरजच नव्हती, असा करणे बरोबर नाही. कुलूप दारावर नसे; ते पेटीवर असे. घरातील दागिने, जमिनीचे कागद आणि रोकड ज्या पेटीत वा फडताळात राही, तिची किल्ली घरातील कर्त्या बाईच्या कमरेला असे. किल्ल्यांचा तो जुडगा म्हणजे केवळ लोखंड नव्हते, अधिकार होता. तो सासूच्या कमरेवरून सुनेच्या कमरेवर कधी जावयाचा, हा कित्येक घरांतील मोठा प्रश्न होता आणि त्यावरून अबोले धरल्याचेही आपण सर्वांनी ऐकलेले आहे. कर्त्या स्त्रीच्या सत्तेचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्याने या जुडग्यापासून प्रारंभ करावा.

राज्यकारभारातही किल्लीचा अर्थ हाच होता. शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी नेमलेले असत आणि दरवाजाच्या किल्ल्यांची जबाबदारी हवालदाराकडे असे. एकट्या माणसाच्या मनात फितूर आल्यास गड जाऊ नये, म्हणून अधिकार वाटून दिलेला होता. कुलूप कितीही भक्कम असले, तरी ज्याच्या हाती किल्ली आहे तो मनुष्य कसा, यावरच सारे अवलंबून असते. पुढील विवेचनात हा मुद्दा पुनःपुन्हा येणार आहे.

कुलूप बिघडले किंवा किल्ली हरवली, तर पूर्वी लोहाराकडे जावयाचे. देशावरील गावगाड्यात लोहार हा बलुतेदार; कोकणपट्टीत बलुत्याची घडी देशाइतकी पक्की नव्हती, तरी लोहार हा परिचयाचाच माणूस असे. पेटी कोणाची, ती उघडण्यास सांगणारा कोण, हे त्याने विचारण्याचे कारणच नव्हते. त्याला सर्वांची घरे ठाऊक होती. त्याने खोटी किल्ली घडविली असती, तर दुसऱ्या दिवशी त्याला गावात तोंड दाखविणे कठीण झाले असते. ही ओळख हेच त्या व्यवहाराचे तारण होते.

मुंबईसारख्या अनोळखी माणसांच्या शहरात ही ओळख नव्हती आणि तेथेच नव्या कुलपाचा धंदा उभा राहिला. आर्देशिर गोदरेज हे शिक्षणाने वकील. शस्त्रक्रियेची हत्यारे तयार करण्याचा त्यांचा पहिला उद्योग फसला. कारण मालावर हिंदुस्थानात तयार झाल्याचा शिक्का असावा, हा त्यांचा आग्रह गिऱ्हाइकाने मानला नाही. नंतर १८९७ मध्ये त्यांनी मुंबईत लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला. त्यांचे कुलूप 'लिव्हर'चे. त्यात पितळी पट्ट्या एकावर एक बसविलेल्या असतात. किल्लीचा प्रत्येक दाता आपली पट्टी ठराविक उंचीपर्यंतच उचलतो. एक पट्टी जरी कमी वा अधिक उचलली गेली, तरी कुलूप उघडत नाही. ही युक्ती मूळची इंग्लंडातील. बॅरन याने १७७८ मध्ये आणि चब याने १८१८ मध्ये ती सिद्ध केली होती. आज सदनिकांच्या दारांवर जी लॅचची कुलपे दिसतात, त्यांतील बारीक खिळ्यांची रचना अमेरिकेतील येल याने १८६१ च्या सुमारास प्रचारात आणली. गोदरेजांचे 'नवताल' हे आपल्या घराघरांत पोहोचलेले कुलूप १९५४ मधील होय. जाता जाता सांगावयास हरकत नाही, की १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक मतपेट्या याच कारखानदारांनी आपल्या खाडीच्या पलीकडच्या तीरावर, विक्रोळीस, तयार केल्या.

परंतु न उघडणारे कुलूप जगात झालेले नाही. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने चबचे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखविले. ब्रामाचे कुलूप दुकानाच्या खिडकीत पैज लावून कित्येक दशके टांगलेले होते. तेही त्याने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून उघडले. असे उघडे पाडल्याने चोरांचे फावेल, अशी ओरड झाली. हॉब्जचे म्हणणे असे, की चोरांना हे आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ते गिऱ्हाइकाला. त्याचे हे म्हणणे प्रस्तुत लेखकास पटते.

आता करावे गावाकडे वळू. १९७० च्या आरंभी शासनाने ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे जाहीर केले आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. पुढे १९८४ च्या जानेवारीत जासई येथे झालेला लढा व त्यातील पाच हुतात्मे यांचे स्मरण या स्मरणिकेच्या वाचकांस करून देण्याची आवश्यकता नाही. शेती गेली, मिठागरे गेली, आणि गावाभोवती नेरूळचे सेक्टर व पाम बीच मार्ग उभा राहिला. या उलथापालथीचा एक लहानसा परिणाम असा, की आपली माणसे नोकरीधंद्यास बाहेर पडू लागली आणि ओटीवर बसणारे कोणी उरले नाही. दाराला कुलूप लागणे, जे अशुभ होते, ते रोजचेच झाले. शब्दाचा अर्थ एका पिढीत असा पालटलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

या नव्या शहरातील रस्त्याच्या कडेला किल्ल्यांची माळ टांगून, कानस घेऊन बसलेला कारागीर आपण पाहतो. महाराष्ट्रातील अनेक शहरांत या धंद्यात शीख शिकलगार आढळतात. शस्त्रे घडविणे व त्यांना पाणी देणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. १८७८ च्या शस्त्रास्त्रांच्या कायद्याने त्यावर मोठाच घाला घातला; धंदा गेला, हातातील कसब राहिले. ते कसब कुलपाकडे वळले. ज्यांचे नावच आगरावरून पडले आणि ज्यांची आगरे गेली, त्या आपल्या समाजाने या माणसांकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावे, असे वाटते. मूळ किल्ली नसतानाही हा कारागीर कोऱ्या पट्टीवर काजळी धरून ती कुलपात फिरवितो, पट्ट्यांचे ओरखडे जेथे उमटतात, तेथे कानस मारतो, पुन्हा फिरवितो. वीस-पंचवीस मिनिटांत किल्ली तयार होते. हे पाहताना गिऱ्हाइकाला कौतुक वाटते आणि त्याच क्षणी थोडी भीतीही वाटते.

गिऱ्हाइकांचे अनुभव दोन प्रकारचे ऐकू येतात. आमच्या एका स्नेह्यांचे सदनिकेचे दार वाऱ्याने लागले. किल्ली आत, चुलीवर दूध. जिन्यातील विजेच्या मीटरच्या पेटीवर चिकटविलेल्या पत्रकावरील क्रमांकावर त्यांनी दूरध्वनी केला. सांगितलेला दर एक, दाराशी आल्यावर मागितलेला दुसरा. आलेल्या इसमाने कुलूप उघडण्याचा प्रयत्नही न करता थेट यंत्राने भोक पाडले आणि नवे कुलूप विकत दिले. घर कोणाचे, हे त्याने विचारले नाही. ही शेवटची गोष्ट आमच्या स्नेह्यांना त्या वेळी सोयीचीच वाटली.

दुसरा अनुभव याच्या उलट. गावातील एक गृहस्थ बाजारातील म्हाताऱ्या किल्लीवाल्यास घेऊन आले. त्याने दाराशी हत्यारांची पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, "आधी शेजारच्यांना बोलवा." गृहस्थ संतापले. वडिलोपार्जित घर, आणि ते आपले आहे हे परक्या माणसापुढे सिद्ध करावयाचे! शेजारीण आली, तिने ओळख दिली, मगच त्याने कुलपास हात लावला. किल्ली केली, ठरलेले पैसे घेतले आणि कोऱ्या पट्टीचे राहिलेले तुकडेही त्यांच्याच हाती दिले. ते गृहस्थ ही हकीकत आजही रागाने सांगतात. आमच्या मते तो राग अस्थानी आहे. लोहाराची ओळख गेल्यावर तिची जागा घेणारे त्या प्रश्नाखेरीज दुसरे काय आहे?

गावठाणात ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांना हा विषय अधिक जवळचा. भाडेकरू अकरा महिन्यांनी जातो. त्याने किती किल्ल्या करून घेतल्या, हे मालकास कळत नाही. अशा वेळी सबंध कुलूप टाकून देण्याची गरज नसते. चांगला कारागीर लिव्हरच्या पट्ट्यांचा क्रम बदलून देतो, लॅचच्या कुलपाचा आतील गाभा तेवढा पालटून देतो. दर आधी ठरवावा आणि काम समक्ष करून घ्यावे. जादा किल्ली मात्र अजूनही पुष्कळ घरांत समोरच्या घरी खुंटीला टांगलेली असते. तिला चिठ्ठी नसते, नाव नसते. त्या घरातील लहान पोरालाही ती कोणाची हे ठाऊक असते.