चर्चच्या भिंतींपलीकडची दीक्षा

ख्रिस्ती धर्मगुरू म्हटले, की वेदीपुढे उभी असलेली झगाधारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. रविवारची उपासना, बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी ही तिची परिचित कामे. परंतु रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग, तुरुंगाची बराक, सैन्याची छावणी, बंदर, कारखाना अशा ठिकाणीही अनेक ख्रिस्ती व्यक्ती आयुष्यभर धर्मसेवा करतात. त्यांच्यापुढे येणारी माणसे कोणत्याही एका चर्चची सभासद असतातच असे नाही. अशा सेवकांना रीतसर दीक्षा द्यावी काय, आणि द्यावयाची तर ती कोणत्या आधारावर, हा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना दीक्षेच्या मूळ अर्थाचाच विचार करावा लागतो.

दीक्षेचा अर्थ

येथे दीक्षा म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ती मंडळीत प्रवेश करतो. दीक्षेने त्या मंडळीतील एखाद्यावर धर्मसेवेचे पद सोपविले जाते. प्रार्थना करून मस्तकावर हात ठेवणे हा या विधीचा प्राचीन गाभा आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत ही दीक्षा सात संस्कारांपैकी एक मानली जाते व ती बिशपच देऊ शकतात. मिस्सा अर्पण करणे आणि पापनिवेदन ऐकून क्षमा जाहीर करणे हे अधिकार तिच्याशी निगडित आहेत. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ तिला संस्कार मानीत नाहीत. देवाने केलेल्या पाचारणाला मंडळीने दिलेली जाहीर मान्यता, असे ते तिचे स्वरूप समजतात. क्वेकर पंथात तर दीक्षित धर्मगुरूंचा वर्गच नाही.

नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हस्तार्पणाचे दोन प्रसंग लक्षणीय आहेत. सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीने विधवांच्या अन्नवाटपाची व्यवस्था पाहण्यासाठी सात जणांची निवड केली आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल, म्हणजेच पुढे पौल म्हणून प्रसिद्ध झालेला प्रेषित, यांच्यावर हात ठेवून त्यांना दूरच्या प्रवासाला पाठविले. पहिली नेमणूक मंडळीच्या अंतर्गत कामासाठी होती, तर दुसरी मंडळीबाहेर जाण्यासाठी. पौल करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या तयार करून पोट भरीत असे, हेही याच पुस्तकात नमूद आहे. स्वतःच्या कमाईवर जगून धर्मसेवा करणारे आजचे अनेक सेवक याच उदाहरणाचा आधार घेतात.

दीक्षा स्थळाशी कशी जोडली गेली?

पुढील काळात दीक्षा आणि ठिकाण यांची सांगड घट्ट होत गेली. इ. स. ४५१ मधील कॅल्सेडनच्या धर्मपरिषदेच्या सहाव्या नियमाने नेमके ठिकाण नेमून दिल्याशिवाय कोणालाही दीक्षा देण्यास मनाई केली. शहरातील किंवा खेड्यातील चर्च, हुतात्म्याचे स्मृतिस्थान अथवा मठ यांपैकी एका ठिकाणी नेमणूक असणे आवश्यक ठरले. अशा नेमणुकीविना दिलेली दीक्षा निष्फळ मानावी, असेही परिषदेने बजावले.

या नियमामागे व्यावहारिक शहाणपण होते. कोणाच्याही देखरेखीखाली नसलेले फिरते धर्मगुरू गैरप्रकारांना वाव देतात, हा अनुभव होता. शिवाय धर्मगुरूच्या चरितार्थाचा प्रश्न होताच. ११७९ मधील तिसऱ्या लॅटरन परिषदेने, उपजीविकेची निश्चित सोय नसलेल्या व्यक्तीला दीक्षा देणाऱ्या बिशपनेच तिचा निर्वाह करावा, असा नियम केला. स्थळाचा आग्रह धरण्यामागे उत्तरदायित्व आणि निर्वाह असे दोन हेतू होते, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

वेस्लींची अडचण

अठराव्या शतकात इंग्लंडमधील जॉन वेस्ली यांनी या चौकटीला धक्का दिला. १७२८ मध्ये त्यांना अँग्लिकन धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली होती. १७३९ मध्ये ब्रिस्टॉल परिसरात ते उघड्यावर प्रवचने देऊ लागले. चर्चकडे न फिरकणारे कोळसा खाणींतील कामगार तेथे हजारोंनी जमत. दुसऱ्या धर्मगुरूच्या हद्दीत प्रवचन करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असा आक्षेप घेतला गेला. आपली दीक्षा ऑक्सफर्डच्या महाविद्यालयातील फेलो म्हणून झाली असल्यामुळे आपण कोणत्याही एका हद्दीला बांधलेलो नाही, असे वेस्लींचे उत्तर होते.

खरा पेच अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धानंतर उद्भवला. तेथील मेथडिस्टांना प्रभुभोजन देण्यास पुरेसे दीक्षित धर्मगुरू उरले नव्हते आणि लंडनचे बिशप मेथडिस्ट उपदेशकाला दीक्षा देण्यास तयार नव्हते. अखेर १७८४ मध्ये, स्वतः बिशप नसतानाही, वेस्लींनी रिचर्ड व्हॉटकोट व थॉमस व्हेसी यांना दीक्षा दिली आणि थॉमस कोक यांची अधीक्षक म्हणून नेमणूक केली. त्यांचे बंधू चार्ल्स यांना हे मुळीच रुचले नाही. गरज आणि शिस्त यांतील हा संघर्ष पुढे मेथडिस्ट व अँग्लिकन यांच्या फारकतीचे एक कारण ठरला.

कारखान्यातील धर्मगुरू

विसाव्या शतकातील सर्वाधिक गाजलेला प्रयोग फ्रान्समध्ये झाला. डॉमिनिकन धर्मगुरू जाक लव्ह यांनी १९४१ मध्ये मार्सेलच्या गोदीत हमालीचे काम स्वीकारले. १९४३ मध्ये आंरी गोदँ आणि इव्हाँ दान्येल या धर्मगुरूंच्या पुस्तकाने फ्रान्समधील कामगारवर्ग चर्चपासून किती दुरावला आहे, हे समाजापुढे मांडले. पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल स्यूआर यांनी 'पॅरिस मिशन'ची स्थापना करून काही धर्मगुरूंना थेट कारखान्यांत पाठविले. झगा उतरवून ते यंत्रावर उभे राहिले, कामगारवस्तीत राहू लागले आणि मजुरीवर जगू लागले. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांची संख्या शंभराच्या आसपास होती.

कामगारांचे आयुष्य स्वीकारल्यावर त्यांचे लढेही टाळता येईनात. अनेक धर्मगुरू कामगार संघटनांत सक्रिय झाले. धर्मगुरू साम्यवाद्यांच्या आहारी जात आहेत, ही भीती रोममध्ये बळावली. १ मार्च १९५४ पर्यंत त्यांनी पूर्णवेळ कारखान्यातील काम सोडावे, असा आदेश निघाला. काहींनी तो पाळला. अनेकांनी कामगारांची साथ सोडण्यास नकार दिला आणि चर्चशी असलेले त्यांचे नाते कायमचे दुखावले. १९५९ मध्ये बंदी अधिक कडक झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, १९६५ मध्ये, पोप सहावे पॉल यांच्या काळात हा मार्ग पुन्हा खुला करण्यात आला. धर्मगुरूंविषयीच्या त्या परिषदेच्या दस्तऐवजात अंगमेहनतीचे काम करणाऱ्या धर्मगुरूंचा उल्लेख आहे.

अन्य पंथांतील मार्ग

चीनमध्ये मिशनरी म्हणून काम केलेले अँग्लिकन धर्मगुरू रोलंड ॲलन यांनी, अन्य व्यवसायावर जगणाऱ्या व्यक्तींना दीक्षा द्यावी, ही मागणी १९३० मध्ये स्वतंत्र पुस्तकाद्वारे केली होती. त्यांच्या हयातीत तिची फारशी दखल घेतली गेली नाही. १९६० मध्ये लंडनच्या दक्षिण भागातील सदर्क धर्मप्रांतात नोकरी सांभाळून धर्मशिक्षण घेण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि या विचाराला मूर्त रूप आले. २००६ पासून चर्च ऑफ इंग्लंडने, चर्चपासून दूर असलेल्या लोकांत नवे समुदाय उभारण्यासाठी दीक्षित सेवकांची वेगळी श्रेणीही निर्माण केली. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये स्थानिक मंडळीबाहेरच्या कामावर असलेल्या दीक्षित सेवकाचीही नेमणूक बिशपच करतात.

कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर स्थायी डीकनपदाचे पुनरुज्जीवन केले. या पदावर विवाहित पुरुष येऊ शकतात आणि स्वतःचा व्यवसायही चालू ठेवू शकतात. मुंबईच्या आर्चडायोसिसमध्येही असे डीकन आहेत.

भारतातील संदर्भ

भारतात हा विषय केवळ धर्मशास्त्राचा नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ याच्या पाचव्या कलमात विवाह लावण्याचा अधिकार कोणाला, हे सांगताना बिशपकडून दीक्षा मिळालेल्या व्यक्तींचा उल्लेख प्रथम येतो. परवानाधारक सेवक आणि विवाह निबंधक यांचाही त्यात समावेश आहे. भारतीय लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याप्रमाणेच पाद्री या पदावरही धर्मशिक्षक नेमले जातात. त्यासाठी केवळ दीक्षा पुरेशी नसते. उमेदवाराचे नाव स्थानिक बिशपच्या मान्य यादीत असावे लागते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण बोलके आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक अमेरिकन मराठी मिशनचे दीक्षित सेवक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडली, संन्यस्त जीवन पत्करले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. रेव्हरंड ही उपाधी मात्र मराठी माणसाच्या मनात त्यांच्या नावापासून कधी वेगळी झाली नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धर्मगुरू राहूनच 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले, 'हरित वसई'च्या चळवळीचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ मध्ये ते निवर्तले.

वादाचा मुद्दा

अशा दीक्षेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. परिचारिका, शिक्षक वा समाजसेवक म्हणून निष्ठेने काम करणाऱ्या सामान्य ख्रिस्ती माणसाची सेवा दीक्षेशिवाय अपुरी आहे काय, असे ते विचारतात. प्रत्येक चांगल्या कामावर दीक्षेची मुद्रा उमटवू लागलो, तर बाप्तिस्म्यानेच प्रत्येकावर येणाऱ्या सेवेच्या जबाबदारीचे मोल कमी होईल, अशी त्यांची भीती आहे. मंडळीच नसलेला पाळक कोणाला जाब देणार, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

समर्थक मृत्युशय्येवरील रुग्णाचे किंवा जन्मठेपेच्या कैद्याचे उदाहरण देतात. पापनिवेदन करण्यासाठी वा प्रभुभोजनासाठी तो चर्चपर्यंत येऊ शकत नाही. त्याच्याजवळ रोज बसणाऱ्या सेवकाला तो अधिकार नसेल, तर ऐनवेळी अनोळखी धर्मगुरूची वाट पाहावी लागते आणि कधी कधी ती वेळ टळून जाते.

या वादातून निघणारा मार्ग कॅथलिक धर्मसंहितेच्या १९८३ च्या आवृत्तीत काही अंशी दिसतो. प्रत्येक दीक्षित सेवक एखाद्या धर्मप्रांताशी, संन्यासी संघाशी किंवा तत्सम अधिकृत संस्थेशी जोडलेला असलाच पाहिजे, भटक्या धर्मगुरूंना मुभा नाही, असे तिचे २६५ वे कलम सांगते. मात्र त्याने चर्चच्या इमारतीतच काम करावे, असे ते म्हणत नाही. कॅल्सेडनच्या परिषदेने ठिकाणाचा आग्रह धरला, तो सेवकाला कोणीतरी विचारणारे असावे म्हणून. तुरुंगात वा कारखान्यात जाणाऱ्याला दीक्षा देताना त्याला कोण पाठवितो, त्याच्याकडून कोण हिशेब घेतो, त्याचा निर्वाह कसा होतो आणि त्याच्या कामाला दीक्षेतून मिळणाऱ्या अधिकारांची खरोखर गरज आहे काय, हे चार प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. पहिल्या तिहींची उत्तरे तयार नसताना दिलेली दीक्षा सेवकाला एकाकी पाडते. चौथ्याचे उत्तर होकारार्थी असूनही ती नाकारली, तर तिची झळ खाटेवरच्या रुग्णाला आणि गजांआडच्या कैद्याला बसते.