मानेचा आडवा छेद

मागावरचा ताणा म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. शेकडो धागे शेजारीशेजारी धावतात. कोणता कोणाच्या कडेला, हे वरून कळत नाही. ताणा आडवा कापला तर प्रत्येकाची जागा दिसेल. मात्र ताणा वाया गेला!

मस्तक आणि धड यांच्यामधली सारी वाहतूक मानेच्या अरुंद वाटेने चालते. पुढे श्वासनलिका, तिला बिलगलेली थायरॉईड ग्रंथी. मागे अन्ननलिका, त्यामागे मणका व त्याच्या पोटात मज्जारज्जू. दोहों बाजूंस एकाच वेष्टनात मोठी रोहिणी, तिच्या बाहेरच्या अंगास नीला आणि दोहोंच्या मागे व्हेगस मज्जातंतू. खाली, हाताला जाणाऱ्या तंतूंचा जुडगा दोन स्नायूंच्या फटीतून निघून हासळीच्या हाडाखालून काखेत उतरतो. आवाजाचा तंतू श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या खोबणीतून वर चढतो. गलगंड काढताना तो दुखावला, तर रोग जातो पण आवाज बसतो. म्हणून शल्यविशारदाला अवयवाइतकाच त्याचा शेजार ठाऊक असावा लागतो.

सुश्रुताने प्रेत सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून कुंचल्याने थरामागून थर खरवडावयास सांगितले. पद्धत मोठी चिकाटीची. परंतु थर सोडवताना शेजार मोडतो. रशियाच्या निकोलाय पिरोगोव्ह यांनी त्यावर उपाय काढला. बाजारात गोठलेले मांस करवतीने कापताना पाहून त्यांना युक्ती सुचली, असे सांगतात. हिवाळ्यात प्रेते गोठवून त्यांनी तिन्ही दिशांनी छेद घेतले व 1852 ते 1859 या काळात त्यांची चित्रे छापली. 1971 मध्ये हाऊन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने लंडनमध्ये जिवंत रुग्णाच्या मस्तकाचे असेच छेद सुरीवाचून दाखविले; पुढे मान आणि सर्व शरीरही त्याच्या टप्प्यात आले.

चित्रे पिरोगोव्ह यांच्या नावाने ओळखली जातात. त्या माना कोणाच्या, हे कोणी विचारीत नाही. 1993 मध्ये टेक्सासात देहान्त शासन झालेल्या जोसेफ जर्निगनचे नाव तेवढे जगाला कळले. त्याने दिलेल्या देहाचे एकेक मिलिमीटरचे 1,871 छेद 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे 1949 च्या मुंबई ॲनाटॉमी कायद्याने बेवारस प्रेते वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची तरतूद केली. आपल्या गावचे डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय 1963 मध्ये निघाले. सीटीची चित्रे आता हाताशी असली, तरी विद्यार्थ्याला मान प्रथम भेटते ती शवविच्छेदनाच्या मेजावरच. आणि त्या मेजावर आता बेवारसांबरोबर, जिवंतपणी स्वतःच्या हाताने देहदानाचा अर्ज भरून ठेवलेली माणसेही येतात.