अग्निबाणातला सोरा आणि कुल्फीतले मीठ

म्हैसूरचे नाव निघाले की हैदर आणि टिपू यांचे अग्निबाण आठवतात. लोखंडी नळीत ठासलेल्या त्या दारूचा मुख्य घटक सोरा, म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट. याच सोऱ्याकडून अगदी उलट काम दोन शतके आधी अकबराच्या आबदारखान्यात करून घेतले जाई. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त त्याची नोंद केली आहे. पिण्याच्या पाण्याची बंद सुरई सोरा घातलेल्या पाण्यात काही वेळ हलवत राहायची, की आतले पाणी गार होते.

या नोंदीच्या आधारे, मुघलांच्या काळी कुल्फी सोऱ्यानेच गोठवीत, असे विधान हल्ली सर्रास वाचायला मिळते. म्हैसूरला आल्यापासून सोऱ्याविषयी हाती लागेल ते वाचण्याचा मला नाद लागला आहे. तरीही हे विधान मला पटत नाही. नोंदीतली रीत पाणी गार करण्याची आहे, काही गोठवण्याची नव्हे.

सोरा विरघळताना पाण्यातील उष्णता शोषून घेतो. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात तो सुमारे 32 ग्रॅम विरघळतो, शून्य अंशाला मात्र जेमतेम 13 ग्रॅम. म्हणजे त्याचा प्रताप उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात. पाणी गारठले की तो मंदावतो.

मिठाचे वागणे निराळे. शून्य अंशाला बर्फाचे वितळणे आणि पाण्याचे गोठणे समतोल असते. पाण्यात मीठ विरघळले की गोठणे मागे पडते, वितळणे चालूच राहते आणि त्यासाठी लागणारी उष्णता मिश्रणातूनच खेचली जाते. 1788 मध्ये चार्ल्स ब्लॅग्डेनने दाखवले, की गोठणबिंदूची ही घट विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असते. पुढे 1880 च्या दशकात राऊल्ट आणि व्हॅन्ट हॉफ यांनी उलगडा केला, की महत्त्व कणांच्या संख्येला आहे, पदार्थाच्या जातीला फारसे नाही. (व्हॅन्ट हॉफ 1901 च्या, रसायनशास्त्रातील पहिल्या नोबेलचे मानकरी.)

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की थंडीत किती कण विरघळतील? मीठ शून्य अंशालाही 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 35 ग्रॅम विरघळते आणि बर्फाचे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत नेऊ शकते. शुद्ध सोऱ्याची धाव उणे 3 च्या आसपास संपते. साखर घातलेले आटीव दूध तर स्वतःच शून्याच्या दोन-तीन अंश खाली गोठू लागते. ते घट्ट व्हायला त्याहून बरीच अधिक थंडी हवी. आपल्या पॉट आइस्क्रीमच्या लाकडी बादलीत बर्फावर खडेमीठ पडते ते यामुळेच.

एक शंका मात्र माझ्या मनात अजून आहे. मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात साधे मीठही मिसळलेले असते. बर्फात असला सोरा घालून कोणी खरोखरच कुल्फी गोठवली असेल, तर श्रेय बहुधा त्यातल्या मिठाचे.