ट्रॅक्टरवाल्यांचा संघ

आमच्या शेगावकडे महिंद्रा म्हटलं की ट्रॅक्टर डोळ्यांपुढे येतो, आणि तोही लाल. आमच्या घरी ५७५ होता. त्यामुळे १९९७च्या दिवाळीत मामानं मला मुंबईत कूपरेजवर फुटबॉलचा सामना बघायला नेलं आणि लाल जर्सीतले अकरा जण मैदानात उतरले, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हाच : "मामा, हे आपले ट्रॅक्टरवालेच काय?"

मामा परळच्या रेल्वे वर्कशॉपात होता. मुंबईत तीस वर्षं काढूनही त्याची वऱ्हाडी सुटली नव्हती. "तेच तं," तो म्हणाला, "पण इथं जीपवाले म्हन्तेत यायले."

त्या दिवशी मामानं जे सांगितलं, ते मी पुढे वाचून पक्कं करत गेलो. मुंबईचा फुटबॉल आधी पलटणींचा होता. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक कित्येक वर्षं गोऱ्या सैनिकांच्या संघांकडेच राहिला. १९३७मध्ये बंगलोर मुस्लिम्सनी तो जिंकला, तेव्हा कुठे एका भारतीय क्लबाचं नाव त्यावर आलं. पुढे पलटणींच्या जागी कंपन्या आल्या. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे. यांच्या फुटबॉलचा कणा होता नोकरी. पोरगा चांगला खेळतो ना, मग त्याला हजेरीपटावर घ्या. सकाळी काम, दुपारनंतर सराव, महिन्याला पगार. चाळीतल्या आईबापांना खेळ पटो न पटो, पगारपत्रक पटायचं. गोव्याची, केरळची, बंगालची पोरं या पगारावर मुंबईत टिकली. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. तिच्याशिवाय त्यातली निम्मी पोरं खेळाडू झालीच नसती.

महिंद्रा अँड महिंद्राचा संघ १९६२चा. बरीच वर्षं तो मुंबईतल्या अनेक कंपनी-संघांपैकी एक होता. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि अर्धवेळ खेळाडूंवर भागेना. करार आले, परदेशी खेळाडू आले. बाकीच्या कंपन्या हळूहळू मागे सरत गेल्या, महिंद्रा मात्र पुढे आली. १९९८ला ड्युरँड चषक, २००१ला पुन्हा तोच. संघाचं नाव आता महिंद्रा युनायटेड झालं होतं. २००३ला फेडरेशन चषक, २००५ला पुन्हा.

आणि मग २००६. प्रशिक्षक डेरिक परेरा. पुढे घानाचा याकुबू युसिफ आणि ब्राझीलचा बॅरेटो, बगलेवर मुंबईचाच स्टीव्हन डायस. मी तोवर शेगावात पीटीचा सर झालो होतो. विदर्भ एक्सप्रेसनं रात्री निघालो, सकाळी व्हीटीला उतरलो आणि मामाला घेऊन दुपारी कूपरेज गाठलं. डायस बगलेवरून सुटला की मामा अख्खा उभा राहायचा, मागचे ओरडले तरी बसायचा नाही. त्या मोसमात महिंद्रा पहिली आली आणि ईस्ट बंगाल दुसरा. राष्ट्रीय लीगचे अकरा मोसम झाले, त्यांत महाराष्ट्राचा विजेता हा एकच. पेपरातलं ते कात्रण मी शाळेतल्या खेळसाहित्याच्या कपाटाला आतून चिकटवलं.

२०१०मध्ये कंपनीनं संघ बंद केला. हा पैसा आता शालेय फुटबॉलवर लावू, असं त्यांनी सांगितलं. मी स्वतः शाळेत शिकवतो, तो हेतू मला खोटा वाटत नाही. पण मामाचा मला फोन आला होता आणि तो बराच वेळ नुसता गप्प होता. पोरं कुठेतरी खेळतील, पण आपण शनिवारी जायचं कुठं, एवढंच त्यानं विचारलं.

त्याच वर्षी आमच्या शेगावच्या गजानन महाराजांच्या समाधीला शंभर वर्षं झाली. ऋषिपंचमीला मी इतरांसारखाच सेवेला होतो, पंगतीत वाढायला. कुणाच्याही हजेरीपटावर नसलेली माणसं आपापली पाळी कशी न चुकता सांभाळतात, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. मामाच्या संघाला तेवढंच मिळालं नाही. तो उभा होता कंपनीच्या खतावणीवर. आम्ही टाळ्या वाजवणारे होतो, वर्गणी कुणी आम्हाला मागितली नाही आणि आम्हीही कधी दिली नाही.

संघ कशावर टिकतो, याचा विचार करताना मला दूरचा एक संघ आठवतो. २०१०च्याच नोव्हेंबरात कुवेतमध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाची फायनल पेनल्टीवर सुटली. जिंकला सीरियातल्या अलेप्पोचा अल-इत्तिहाद, १९४९ साली स्थापन झालेला. त्यांचीही जर्सी लाल. गावातल्या गढीवरून चाहते त्यांना 'लाल किल्ला' म्हणतात. पुढच्याच वर्षी तिथे युद्ध पेटलं. लीगचे सामने दमास्कस आणि लताकियात हलवले गेले, अलेप्पो दुभंगलं, पण संघ मोडला नाही. जानेवारी २०१७मध्ये अलेप्पोच्या मैदानावर पाच वर्षांनी पुन्हा लीगचा सामना झाला. इत्तिहादसमोर त्याच गावातला हुर्रिया संघ होता.

ती बातमी मी मोबाइलवर मामाला वाचून दाखवली. तो आता शेगावातच राहतो, गुडघ्यानं अधू झालाय. "गावातलेच दोन संघ?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यानं स्कोअर विचारला.